'कँडिड' जेन आणि माझी चौदा पानं : लुईसचं 'स्टडीज इन वर्ड्स' वाचताना

तुमच्याकडे पासपोर्ट असेल तर तो उघडा. पहिल्याच पानाच्या आसपास राष्ट्रपतींच्या नावे एक विनंती छापलेली असते : या पासपोर्टधारकाला 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' जाऊ द्यावं. आता 'लेट' म्हणजे 'होऊ देणं', हे आपण पाचवीत शिकलो. मग 'होऊ न देता किंवा अडथळा न आणता' असं काहीतरी विचित्र विनंतीपत्र आपण खिशात घेऊन फिरतो का? तर नाही. इंग्रजीत एकेकाळी 'लेट' नावाची दोन वेगवेगळी क्रियापदं होती. एकाचा अर्थ परवानगी देणं, दुसऱ्याचा अडवणं. उच्चार बदलत बदलत दोन्ही एकसारखी झाली, आणि दुसरं हळूहळू मेलं. उरलं ते कायद्याच्या भाषेत. 'हॅम्लेट'च्या पहिल्या अंकात भुताच्या मागे निघालेला राजपुत्र मित्रांना धमकी देतो, तेव्हा तो हेच दुसरं 'लेट' वापरतो. तिथे 'होऊ देणं' हा अर्थ लावला तर धमकी उलटी होते : जो मला जाऊ देईल त्याला मी मारीन!

हे उदाहरण वर्गात सांगितलं की सगळे हसतात. पण खरं सांगायचं तर हा धोक्याचा शब्दच नव्हे. चुकीचा अर्थ लावला तर वाक्य कोसळतं, आपण थबकतो आणि कोश उघडतो. धोका असतो तो वाक्य कोसळत नाही तिथे. या पोस्टचा विषय तोच आहे, आणि तो मला कळला तेव्हा माझी चौदा पानं गेली होती.

चौदा पानांची गोष्ट

प्रबंधातल्या एका प्रकरणात मी ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'बद्दल (१८१३) लिहीत होते. कादंबरीत थोरली बहीण जेन हिला 'कँडिड' म्हटलंय, तिच्या 'कँडर'चा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. कँडिड म्हणजे स्पष्टवक्ती, मनातलं बोलून टाकणारी. पण जेन तर तशी अजिबात नाही! बिंग्लीवरचं प्रेम ती इतकं झाकून ठेवते की त्यामुळेच पुढचा घोटाळा होतो. मला वाटलं, सापडलं! ऑस्टिन इथे उपरोध करतेय, न बोलणाऱ्या मुलीला 'स्पष्टवक्ती' म्हणून स्त्रियांच्या मौनावर बोट ठेवतेय. मी या विरोधाभासावर चौदा पानं लिहिली. त्यात एक-दोन फ्रेंच विचारवंतही आणले. प्रेझेंटेशन झालं, दोघा-तिघांनी छान म्हटलं.

नंतर सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"अगं, ही कादंबरी कधीची?"

"१८१३ची, सर."

"आणि तू 'कँडिड'चा अर्थ कुठला घेतलास?"

मी गप्प. कुठला घेतला म्हणजे काय? अर्थ घेतला नव्हताच, तो आपोआप आला होता. सरांनी जॉन्सनचा १७५५चा कोश बघायला सांगितला. त्यात 'कँडिड' म्हणजे मनात द्वेष नसलेला, दुसऱ्याचे दोष शोधायची इच्छा नसलेला. मुळात लॅटिन शब्द, अर्थ शुभ्र, पांढरा. ('कँडिडेट' त्याच घरचा. रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे पांढराशुभ्र टोगा घालून फिरत, म्हणून.) तर ऑस्टिनच्या काळात 'कँडर' म्हणजे लोकांबद्दल चांगलं मत धरण्याची वृत्ती, मनाचा उदारपणा. जेन अशीच आहे. विरोधाभास कादंबरीत नव्हताच. तो १८१३ आणि माझा लॅपटॉप यांच्यामध्ये होता.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे कोशाचीही गरज नव्हती. चौथ्या प्रकरणात एलिझाबेथ बहिणीला सांगते की कँडरचं ढोंग करणारे पुष्कळ असतात, पण कसलाही देखावा न करता कँडिड असणं तुलाच जमतं. आणि लगेच त्याचा अर्थही सांगते : प्रत्येकाच्या स्वभावातलं चांगलं तेवढं उचलायचं, ते आणखी चांगलं करून सांगायचं, वाईटाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. म्हणजे लेखिकेनं व्याख्या पानावर ठेवली होती आणि मी ती ओलांडून गेले होते.

लुईसचं पुस्तक काय करतं

त्यानंतर सरांनी हातात दिलेलं पुस्तक म्हणजे सी. एस. लुईसचं 'स्टडीज इन वर्ड्स'. हो, तोच लुईस, नार्नियावाला. लेखक म्हणून जग त्याला मुलांच्या गोष्टींमुळे ओळखतं, पण पोटापाण्याचा धंदा मध्ययुगीन आणि प्रबोधनकालीन साहित्य शिकवण्याचा होता. केंब्रिजमधल्या व्याख्यानांतून हे पुस्तक तयार झालं, १९६० साली आलं आणि १९६७च्या आवृत्तीत त्यात आणखी प्रकरणं घातली गेली. 'नेचर', 'सॅड', 'विट', 'फ्री', 'सेन्स', 'सिंपल', 'कॉन्शन्स' असे शब्द एकेक प्रकरण घेऊन बसतात.

लुईसचा दावा मर्यादित आहे. त्याला भाषाशास्त्र लिहायचं नाहीये, शब्दाच्या अर्थाचं तत्त्वज्ञानही नाही. जुनं पुस्तक नीट वाचता यावं, एवढंच. त्यासाठी तो जी हत्यारं देतो त्यातलं सगळ्यात कामाचं म्हणजे 'धोकादायक अर्थ'. एखाद्या शब्दाचा आज आपल्या डोक्यात सगळ्यात वर असलेला अर्थ, जो जुना मजकूर वाचताना न बोलावता पुढे येतो, तो धोकादायक अर्थ. तो घुसवल्यावर वाक्य निरर्थक झालं तर आपण वाचतो. पण वाक्य बऱ्यापैकी जमतंय असं वाटलं, तर आपण खुशाल पुढे जातो. माझं नेमकं हेच झालं होतं. 'लेट'नं मला कधीच फसवलं नसतं, 'कँडिड'नं फसवलं.

लुईस दुसराही एक भेद करतो : शब्दाचा अर्थ आणि बोलणाऱ्याचा अर्थ. बोलणाऱ्याला 'अमुक एक सुचवायचंय' म्हणून त्या शब्दाचा 'अर्थ'च तो, असं होत नाही. आपण मराठीत हे रोज करतो. "शहाणाच आहेस!" म्हणताना मूर्ख सुचवायचं असतं, पण म्हणून 'शहाणा'चा अर्थ कोशात 'मूर्ख' असा लिहीत नाही. उलट शहाणा म्हणजे शहाणाच राहतो म्हणून तर टोमणा लागतो. हा भेद विसरलं की उपरोधाच्या प्रत्येक जागी शब्दाला नवा अर्थ चिकटवायचा मोह होतो.

आता शब्द कसे सरकतात याची काही उदाहरणं, कारण नुसत्या संज्ञा सांगून उपयोग नाही :

* 'सिली' : आधी सुखी, धन्य. मग निष्पाप. मग बिचारा, दुबळा. शेवटी मूर्ख. 'भोळा' शब्दाच्या वाटेवर आपण कधी कधी असंच घसरतो.
* 'सॅड' : आधी भरलेला, तृप्त. मग जड, घट्ट, गंभीर. शेवटी दुःखी.
* 'नाइस' : लॅटिनमधल्या 'अजाण'पासून निघालेला. इंग्रजीत आधी मूर्ख, मग चोखंदळ, मग सूक्ष्म आणि काटेकोर, आणि अठराव्या शतकापासून छान.
* 'प्रिव्हेंट' : १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये याचा अर्थ 'आधी पोचणं'. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात जिवंत असलेले लोक मेलेल्यांच्या आधी जाणार नाहीत असं म्हणायचंय. आजच्या अर्थानं वाचलं तर जिवंत मेलेल्यांना अडवणार नाहीत असं होतं, आणि तेही जमतं. म्हणजे धोका.

एक गैरसमज इथेच काढून टाकूया. नवा अर्थ आला की जुना त्या दिवशी घर रिकामं करत नाही. दोन्ही कित्येक पिढ्या एकत्र नांदतात. म्हणून 'हा शब्द त्या काळी या अर्थाचा होता' असं एकवचनी विधान करताना जपून.

जुना अर्थ घेतल्यावर उपरोध कमी होतो का?

माझी पहिली भीती हीच होती. जुने अर्थ घेत बसलं तर मजकूर सपाट होईल, समीक्षेला काही उरणारच नाही. 'कंडिसेन्शन' हा शब्द घेऊन बघितलं तेव्हा ती भीती गेली.

याच कादंबरीतला कॉलिन्स पाद्री लेडी कॅथरीनच्या 'कंडिसेन्शन'चं कौतुक करताना थकत नाही. आज कंडिसेन्डिंग ही शिवी आहे, वरून पाहणारा, तुच्छतेनं वागणारा. त्यामुळे विद्यार्थी हमखास लिहितात की बिचाऱ्या कॉलिन्सला आपण काय बोलतोय ते कळत नाही. पण त्या काळी हा चांगला गुण होता. उच्चपदस्थानं आपला मान क्षणभर बाजूला ठेवून खालच्याशी बरोबरीनं वागणं. म्हणजे कॉलिन्सनं शब्द बरोबर वापरलाय, स्तुती म्हणूनच. मग हसू कशाचं? हसू याचं की लेडी कॅथरीन एक पायरीही खाली उतरत नाही. ती समोरच्याला त्याची पायरी पदोपदी दाखवून देते, आणि कॉलिन्स तेच तिचं उतरणं समजतो. आजच्या अर्थानं वाचलं तर विनोद एका शब्दापुरता राहतो. जुन्या अर्थानं वाचलं तर तो दोन माणसांच्या अख्ख्या नात्यावर जातो. लुईसच्या पद्धतीचं हे मोठं बक्षीस आहे.

आणि 'कँडर'चंही तसंच. छत्तिसाव्या प्रकरणात डार्सीचं पत्र वाचून एलिझाबेथला स्वतःची लाज वाटते. ती स्वतःला जे दोष देते त्यात एक असा की बहिणीच्या उदार कँडरला मी तुच्छ लेखलं. 'स्पष्टवक्तेपणा' घेतला तर हे वाक्य उगाच पडलेलं वाटतं. योग्य अर्थ घेतला तर कादंबरीच्या शीर्षकातल्या 'पूर्वग्रहा'चा विरुद्ध शब्दच हाती येतो. जेन डार्सीला संशयाचा फायदा देत होती तेव्हा सगळे तिला भोळी समजत होते, आणि तीच बरोबर निघाली. पण बिंग्लीच्या बहिणीबद्दल तिनं असंच चांगलं मत धरलं आणि तिथे ती फसली. म्हणजे कँडर हा नुसता गोडपणा नाही. माणसं ओळखण्याची ती एक रीत आहे, कधी बरोबर ठरणारी, कधी चुकणारी. माझं नवं प्रकरण इथून सुरू झालं. जुन्या चौदा पानांतलं एकही वाक्य त्यात वापरता आलं नाही.

पुस्तक कुठे कमी पडतं

इतकं कौतुक केल्यावर आता हिशेब. संशोधनासाठी हे पुस्तक एकटं पुरत नाही, माझ्या मते तीन कारणांनी.

पहिलं कारण : शब्द कोण सरकवतं, हा प्रश्न लुईस पुरेसा ताणत नाही. 'व्हिलन' मुळात जमीनदाराच्या शेतावरचा कुळवाडी. त्याचा बदमाश कसा झाला? लुईस याला 'दर्जादर्शक शब्दांचं नैतिकीकरण' म्हणतो : वरच्या दर्जाचे शब्द सद्गुण होतात, खालच्या दर्जाचे दुर्गुण. निरीक्षण पक्कं आहे. पण लेखणी कोणाच्या हातात होती, हे विचारल्याशिवाय ते अर्धवट राहतं. तो प्रश्न धसाला लावला रेमंड विल्यम्सनं. १९४५ साली सैन्यातून केंब्रिजला परतल्यावर आजूबाजूचे लोक 'कल्चर' वगैरे शब्द वेगळ्याच रीतीनं वापरतायत असं त्याला जाणवलं. 'कल्चर अँड सोसायटी'ला (१९५८) जोडायची म्हणून केलेली शब्दांची टिपणं वाढत वाढत १९७६मध्ये 'कीवर्ड्स' हे स्वतंत्र पुस्तक झालं. विल्यम्सच्या दृष्टीनं अर्थबदल म्हणजे नदीनं पात्र बदलणं नव्हे, तो बांधावरचा वाद आहे. आपल्याकडे 'गावंढळ' शब्द कोणी, कोणाबद्दल वापरला याचा विचार केला तर त्याचं म्हणणं लगेच पटेल.

दुसरं कारण : लुईस एका वेळी एक अर्थ निवडायला शिकवतो, पण लेखक कधी कधी दोन्ही हातात ठेवतो. विल्यम एम्पसननं 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स'मध्ये (१९५१) 'ऑथेल्लो'तला 'ऑनेस्ट', 'लिअर'मधला 'फूल' असे शब्द घेऊन एकाच उच्चारात अनेक अर्थ एकमेकांशी कसे झगडतात ते दाखवलं. एम्पसन वाचायला अवघड आहे, त्याची चिन्हं आणि समीकरणं डोकं खातात. पण तो सोडून फक्त लुईस वाचला तर आपण 'बरोबर अर्थ' शोधणारे कारकून होण्याची भीती असते.

तिसरं कारण मला सगळ्यात गमतीचं वाटतं. शब्द बिघडवणाऱ्यांवर लुईसचा राग आहे. जोर देण्याच्या हौसेपायी लोक शब्दांचा खून करतात, असं त्याला वाटतं. पण ऑस्टिननंच अशा रागाची थट्टा करून ठेवलीय. 'नॉर्दँगर ॲबी'च्या चौदाव्या प्रकरणात कॅथरीन एका पुस्तकाला 'नाइस' म्हणते, आणि हेन्री टिल्नी तिला फैलावर घेतो : हल्ली सगळंच नाइस, पूर्वी या शब्दाला नेमका अर्थ होता. बरोबर आहे त्याचं. पण त्याची बहीण तोच शब्द जुन्या, चोखंदळपणाच्या अर्थानं उचलते आणि त्याच्याच अंगावर टाकते : तू शहाणा कमी आणि 'नाइस' जास्त. दोन ओळींत दोन अर्थ, आणि दोन्ही त्या काळी जिवंत. जुना अर्थ माहीत असणं ही वाचकाची गरज आहे, बोलणाऱ्याला झोडपायची काठी नव्हे. शब्दांचा इतिहास नव्यानं शिकलेल्या आपल्यासारख्यांनी हे विशेष लक्षात ठेवायला हवं. मी घरी आईला 'ऑसम'चा मूळ अर्थ सांगायला गेले होते. तिनं चहाचा कप पुढे केला आणि विषय संपवला.

"पण मी तर इंग्रजी साहित्याची नाही"

इतिहास, मराठी, समाजशास्त्र करणाऱ्यांना वाटेल, आपला काय संबंध? आहे, चांगलाच आहे. कंपनी सरकारचे इंग्रजी कागद वाचणाऱ्याला 'इंटेलिजन्स' म्हणजे बहुतेक वेळा बातमी, खबर. 'वाँट' म्हणजे इच्छा नाही, अभाव. 'डिस्कव्हर' म्हणजे शोध लावणं असेलच असं नाही, उघड करणं असू शकतं. 'इंटरकोर्स' म्हणजे व्यवहार, येणंजाणं. एखाद्या अधिकाऱ्यानं गावात अमुक गोष्टीचा 'वाँट' आहे असं लिहिलं, आणि आपण 'गावकऱ्यांची तशी मागणी होती' असं भाषांतर केलं, तर एका शब्दानं लोकांच्या तोंडी न केलेली मागणी घातली. हा साहित्यिक चुकीपेक्षा मोठा अपराध आहे.

आणि मराठीवाल्यांसाठी मोल्सवर्थ. जुना मराठी शब्द अडला की आपण त्याचा कोश उघडतो, ते योग्यच. पण १८३१चा कोश असो की १८५७ची दुसरी आवृत्ती, अर्थ दिलेला आहे तो त्या काळच्या इंग्रजीत. म्हणजे एक जुना शब्द समजून घ्यायला आपण दुसरा जुना शब्द वापरतो, आणि त्या दुसऱ्याला मात्र आजचा समजतो. मराठी बाजूला आपण सावध असतो. 'शिक्षा' एकेकाळी शिकवण होती, 'चेष्टा' म्हणजे हालचाल होती, हे आपल्याला ठाऊक असतं. इंग्रजी बाजूला मात्र आपण झोपलेले असतो.

मग करायचं काय

मी आता पाळते ते नियम, साधेच आहेत :

१. तर्क ज्या शब्दावर उभा आहे, तो शब्द तुम्हाला सोपा वाटत असेल तर आधी तोच तपासा. अवघड शब्द आपण तपासतोच.

२. कोशाच्या आधी त्याच पुस्तकातल्या सगळ्या जागा बघा. डिजिटल प्रतीत शोध घ्या, सगळी वाक्यं एका कागदावर काढा. मी 'कँडर'ची वाक्यं एकत्र काढली असती तर अर्ध्या तासात काम झालं असतं.

३. मग त्या काळाजवळचा कोश, म्हणजे अठराव्या शतकासाठी जॉन्सन. त्यानंतर ऑक्सफर्डचा मोठा कोश. त्याचे भाग १८८४पासून निघायला लागले आणि पहिली आवृत्ती १९२८ला पुरी झाली. त्यात प्रत्येक अर्थाखाली सालवार उदाहरणं असतात. पण पहिलं उदाहरण म्हणजे शब्दाचा जन्मदाखला नव्हे, संपादकांना सापडलेलं सगळ्यात जुनं उदाहरण. शिवाय पहिल्या आवृत्तीत अठराव्या शतकातली उदाहरणं तुलनेनं कमी आहेत आणि नामवंत पुरुष लेखकांवर भर आहे, हे लक्षात असू द्या.

४. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांत शोध घेताना लांब 'एस' विसरू नका. साधारण १८००पर्यंतच्या छपाईत तो 'एफ'सारखा दिसतो, आणि संगणक तसाच वाचतो. शब्द सापडला नाही म्हणजे तो नव्हता असं नाही.

५. शेवटी स्वतःला विचारा : जुना अर्थ घेतल्यावर माझा मुद्दा पडतो का? पडत असेल तर पडू द्या.

पाचवा नियम सगळ्यात जड जातो. चौदा पानं फोल्डरमधून काढताना मी दोन दिवस टाळाटाळ केली. 'ऑस्टिननं अजाणता असं सुचवलं असेल' असं एक वाक्य घालून ती वाचवता येतील का, याचाही विचार केला. घालता आलं असतं. कदाचित कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण मग ते ऑस्टिनबद्दलचं प्रकरण राहिलं नसतं, माझ्याबद्दलचं झालं असतं.

लुईसचं पुस्तक जरूर वाचा. सगळं नको असेल तर प्रस्तावनेचं प्रकरण आणि 'सेन्स'वरचं प्रकरण एवढं तरी वाचाच. त्यानंतर विल्यम्सच्या 'कीवर्ड्स'मधल्या 'कल्चर' आणि 'क्लास' या दोन नोंदी वाचा. आणि मग आपल्या सिनॉप्सिसमधला सगळ्यात सोपा इंग्रजी शब्द निवडून त्याची तारीख विचारा.